पकड आणि सुटका

बळ वापरण्याचा अधिकार समाजाने ज्याला दिला, त्याने ते वापरण्याची विद्या शिकावी का, हा प्रश्न वरवर निरर्थक वाटतो. ज्याचा झटापटीत स्वतःच्या शरीरावर विश्वास नाही, तो पोलीस भीतीपोटी शस्त्राकडे लवकर वळतो. म्हणून ज्यूदोसारख्या विद्येचे शिक्षण हे संयमाचेच शिक्षण होय, असा युक्तिवाद केला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापन केली. जुन्या जुजुत्सूतील घातक डाव मुक्त सरावातून वगळून त्यांनी ‘ज्यूदो’, म्हणजे मृदुतेचा मार्ग, सिद्ध केला. जपानी पोलिसांनी तो स्वीकारला; केंदोबरोबर तो आजही त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. या विद्येत गळा आवळण्याचे डाव आहेत. पण त्यांच्यासोबत एक संकेतही आहे. खाली सापडलेल्याने हाताने थोपटले की पकड तत्क्षणी सुटली पाहिजे. म्हणजे पकड कधी संपावी, हे पकडणारा नव्हे, तर पकडला गेलेला ठरवतो. या विद्येची नीती डावात नाही, या थोपटण्यात आहे.

रस्त्यावर नेमका हाच संकेत नाहीसा होतो. न्यूयॉर्कमध्ये १७ जुलै २०१४ रोजी एका पोलिसाने एरिक गार्नर यांच्या गळ्याभोवती हात आवळला. तेथील पोलीस दलाने अशी पकड १९९३ मध्येच निषिद्ध केली होती. जमिनीवर दाबून धरलेले गार्नर आपल्याला श्वास घेता येत नसल्याचे अकरा वेळा म्हणाले, आणि मरण पावले. ते अकरा वेळा थोपटणेच होते. ते ऐकणे आपल्यावर बंधनकारक आहे, असे कोणी मानले नाही.

यावर आक्षेप असा की, तालमीतील प्रतिस्पर्ध्याने नियम मान्य केलेला असतो. संशयित मात्र खोटे बोलून निसटू शकतो. आक्षेप खरा आहे. परंतु दाब सैल करणे म्हणजे ताबा सोडणे नव्हे. शिवाय ज्याने या झटापटीला संमती दिलेली नाही आणि ज्याला ती थांबवताही येत नाही, त्याच्याविषयीचे दायित्व कमी होत नाही, वाढते. अटक केलेल्यावर पलायन रोखण्यापुरताच निर्बंध असावा, हे तत्त्व आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. कायदा मर्यादा सांगतो. ती हाताला मात्र शिकवावी लागते. पकडणे शिकवून सोडणे न शिकवणारे शिक्षण विद्येचा अर्धाच भाग देते, आणि तो अर्धा भाग अज्ञानाहून अधिक भयंकर असतो.