सुकाणूवरचा म्हातारा

कुणकेश्वरच्या देवळाच्या पायथ्याशी समुद्र आहे. या किनारपट्टीवर रापण ओढताना एकदा तरी पाहावं. होडीतून अर्धगोलात जाळं सोडून झालं की किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा दोन टोकांचे दोर ओढू लागतात. पाय वाळूत रुतलेले, दंडाच्या शिरा तटतटलेल्या. आणि एखादा म्हातारा नुसता उभा असतो. पाण्याचा रंग न्याहाळतो, मध्येच हात वर करून एका रांगेला थांबवतो. नवख्याला वाटतं, हा काहीच करत नाही.

रोमच्या सिसेरोला हाच गैरसमज खटकला होता. इ.स.पूर्व 44 मध्ये, वयाच्या 62 व्या वर्षी, त्यानं म्हातारपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात 84 वर्षांचा रोमन मुत्सद्दी केटो दोन तरुणांशी बोलतो. तो गलबताचा दाखला देतो: खलाशी डोलकाठीवर चढतात, पाणी उपसतात, सुकाणूवाला मात्र जागचा हलत नाही, म्हणून काय तो बिनकामाचा? आपल्याकडच्या होडीवरच्या कुठल्याही तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

हे लिहिणारा माणूस सुखात नव्हता. एके काळी कॉन्सल म्हणून रोमचं सर्वोच्च पद भूषवलेला, सभा गाजवलेला हा वक्ता तेव्हा सत्तेबाहेर फेकला गेला होता. आदल्याच वर्षी त्याची लाडकी लेक तुलिया गेली होती. पुढच्या वर्षी तर विरोधकांनी त्याचा खून केला. म्हणून त्याचा शब्द मला वजनदार वाटतो. शिवाय तो म्हाताऱ्यांची खुशामतही करत नाही. किरकिर, चिडचिड, कंजूषपणा हे स्वभावाचे दोष आहेत, त्यांचं खापर वयावर फोडू नका, असंच तो बजावतो.

केटो शेतकरीही होता. आपल्या हयातीत फळ दिसणार नाही अशी झाडं लावणाऱ्या म्हाताऱ्यांचं त्याला फार कौतुक. आपल्याकडे देवगडच्या कातळावर ज्या हातांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, लांबून माती आणून भरली आणि त्यात हापूसची कलमं जगवली, त्या हातांपैकी कितीतरी आज नाहीत. आंबे आपण खातो.

आणि आपण काय करतो? मुंबईहून गावच्या म्हाताऱ्यांना फोन लावतो. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, पडू नका, जपा. माया खरी असते त्यात. पण ज्यानं उभा जन्म वारा ओळखण्यात घालवला, त्याला आपण फक्त सांभाळायचं ओझं करून ठेवतो. सिसेरो म्हणतो, वापरली नाही तर स्मरणशक्ती झिजते. ती वापरायला कुणीतरी विचारणारं हवं ना! ओटीवर बसल्या बसल्या ‘वारो फिरलो हा, आज जाव नकात’ असं सांगू शकणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी वाऱ्याबद्दल विचारतच नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

पुढच्या खेपेला फोन कराल तेव्हा गोळ्यांची चौकशी झाल्यावर लगेच ठेवू नका. यंदा मोहोर कसा धरलाय, वारा कुठून आहे, ते विचारा. आणि ते सांगतील ते शेवटपर्यंत ऐका.