दगडाची साक्ष

कसबा पेठेत एखादा जुना वाडा पाडला, की काही दिवस रस्त्याच्या कडेला दगडांची रास पडून राहते. जोत्याचे घडीव चिरे, झिजलेल्या पायऱ्या, एखादे फुटके जाते, क्वचित पाटा. सारे एकाच काळ्या दगडाचे. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या या दगडावर बसल्या, त्यावर दळण दळले, वाटण वाटले. त्याचे वय विचारण्याचे कारण मात्र कोणाला पडले नाही.

आमच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाला ते पडले. त्याचे कुटुंब कसब्यातच, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर राहत असे. शेजारचा वाडा पाडला तेव्हा जोत्याच्या ढिगातून त्याने एक तुकडा उचलला. त्या काळ्या दगडातील पोकळीत पांढरे, चकाकणारे स्फटिक होते. वर्ग संपल्यावर तो आमच्यापुढे ठेवून तो म्हणाला, "सर, शाळेतल्या बाई म्हणाल्या, हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे. मग देवाने सगळे सहा दिवसांत केले, ते कसे?"

आम्ही त्याला म्हणालो, "बाळ, शाळेतले शाळेत ठेवावे, इथले इथे." मुलाने मान डोलावली आणि तो निघून गेला. दगड आमच्या टेबलावरच राहिला.

उत्तर देताना ते आम्हांला सोयीचे वाटले होते. रात्री मात्र ते टोचू लागले. आम्ही खोटे काहीच बोललो नव्हतो, पण त्या मुलाला आम्ही दोन कप्पे करून दिले होते. एका कप्प्यातले सत्य दुसऱ्यात न्यायचे नाही, असे ज्या मुलाला शिकवले जाते, तो पुढे कोणता कप्पा खरा मानील आणि कोणता केवळ रीत म्हणून सांभाळील, हे सांगायला ज्योतिषी नको. आठव्या आज्ञेचा विचार करताना आपल्याला शेजाऱ्याची निंदा आठवते, कोर्टातली शपथ आठवते. विचारले असता जाणीवपूर्वक बाजूला सरणारा साक्षीदार आपल्याला आठवत नाही. म्हणून साडेसहा कोटी हा आकडा कोणी, कशाच्या आधारे सांगितला, हे आधी समजून घ्यावे असे आम्ही ठरवले.

प्रयोगशाळेत अशा दगडाची प्रथम एक चकती कापतात. ती काचेवर चिकटवून घासत घासत मिलिमीटरच्या सुमारे तीन शतांश इतकी पातळ करतात. एवढ्या जाडीला काळाकभिन्न बेसाल्टसुद्धा पारदर्शक होतो आणि त्यातून प्रकाश जातो. खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मग प्लॅजिओक्लेजच्या पांढऱ्या-करड्या पट्ट्या, ऑजाइटचे रंगीत कण आणि लोहखनिजाचे काळे ठिपके दिसतात. हा दगड वितळलेल्या लाव्हापासून थिजला, इतके येथे कळते. मुलाला आवडलेले पांढरे स्फटिक मात्र लाव्हाच्या वेळचे नव्हेत. लाव्हा थिजल्यानंतर त्याच्या पोकळ्यांतून पाणी झिरपले, त्यातून ते पुढे केव्हातरी जमले. म्हणजे हातातल्या एकाच तुकड्यात दोन काळ होते, आणि वय कशाचे काढायचे हे आधी ठरवल्याशिवाय वय सांगणे फोल होते.

वयाचा हिशेब पोटॅशियमवर चालतो. या मूलद्रव्याचा एक अस्थिर प्रकार अतिशय संथ गतीने क्षय पावतो. त्याचा अर्धा भाग सरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. त्यातील काही अंशाचा आरगॉन वायू होतो. लाव्हा वितळलेला असताना हा वायू निसटून जातो. दगड थिजला, की नव्याने तयार होणारा आरगॉन स्फटिकांत अडकून राहतो. किती साठला ते मोजले, की दगड थिजल्याला किती काळ लोटला ते निघते. परंतु मधल्या काळात थोडा वायू निसटला असेल तर वय कमी निघते, आणि जुना वायू आत राहिला असेल तर ते फुगते. घड्याळ खरे, पण ते कोणी हलवले होते का, याची चौकशी करावी लागते.

दख्खनच्या या कातळाची अशी चौकशी पुष्कळ झाली आहे. आजही तो सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात त्याच्या वयावर दोन निबंध आले. अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या संशोधकांनी घाटांतील लाव्हाच्या थरांमध्ये जे तांबड्या मातीचे पट्टे दिसतात, त्यांतील झिरकॉनचे कण वेचून युरेनियम व शिसे यांवरून वय काढले. बर्कलीच्या संशोधकांनी आरगॉनची रीत वापरली. बहुतेक सारा लाव्हा ६ कोटी ६० लक्ष वर्षांच्या आसपास, जेमतेम १० लक्ष वर्षांच्या अवधीत ओतला गेला, यावर दोघांचे एकमत होते. पण डायनोसॉर नामशेष झाले त्या घटनेच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर जमले नाही. प्रिन्स्टनच्या मते त्या घटनेच्या थोडेसे आधी एक मोठा लोंढा आला होता. बर्कलीच्या मते सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा त्यानंतरचा. दोघांनीही आपापला आकडा त्याच्या मागेपुढे किती चूक संभवते त्यासह छापला.

पुण्याच्या आणखी जवळचे, आणि खरे म्हणजे अधिक अडचणीचे, उदाहरण जुन्नर तालुक्यातील बोरी या गावचे आहे. तेथे कुकडी नदीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला, आणि त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारे. त्या माणसाच्या काळात महाराष्ट्रात ज्वालामुखी नव्हता, तेव्हा राख दूरच्या सुमात्रा बेटावरून आली असावी हे अनुमान निघाले. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी इतरांच्या साहाय्याने १९८९ साली तिचे वय सुमारे १४ लक्ष वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. १९९५ साली दुसऱ्या रीतीने ६ लक्ष ७० हजार निघाले. त्याच वर्षी आणखी एका गटाने राखेतील काचकणांचे रासायनिक घटक तपासून ती सुमात्रातील टोबाच्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असल्याचे सांगितले. तिन्ही वेळा राख बोरीचीच. नदीत वाहून आलेल्या राखेत जुन्या कातळाचे काही कण मिसळले तरी हिशेब कुठच्या कुठे जातो, हे एक कारण सांगण्यात आले. वाद त्यानंतरही चालू राहिला. आम्हांला त्यातील एक गोष्ट विशेष वाटली. १९८९ च्या निबंधाच्या लेखकांपैकी एकाचे नाव ७५ हजार सांगणाऱ्या निबंधावरही आहे. आपल्याच सहीविरुद्ध सही करणे याला केवढे बळ लागते, हे ज्यांनी कधी घरातल्या भांडणात "माझे चुकले" म्हणून पाहिले असेल, ते जाणतात.

आमच्या धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, ज्यांचे आकडे दर पाच वर्षांनी बदलतात, त्यांच्यावर भरवसा तो काय ठेवायचा?" प्रश्न खोडसाळ नव्हता. आम्ही त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. बोरीच्या आकड्यांतली तफावत लाजिरवाणी आहे हे मान्य करावेच लागेल. तथापि त्यांतील सर्वांत लहान आकडाही पूर्वीच्या ख्रिस्ती पंडितांनी वंशावळ्यांची बेरीज करून मांडलेल्या सहा हजार वर्षांच्या कितीतरी पलीकडे जातो. शिवाय कोर्टात ज्याची जबानी दर खेपेला शब्दशः तीच येते, त्या साक्षीदाराचा न्यायाधीशाला संशय येतो. "मला इतके दिसले, याच्यापुढचे दिसले नाही," असे म्हणणाऱ्यावर तो अधिक भिस्त ठेवतो.

खोटी साक्ष कशी असते, हेही याच शास्त्रात पाहायला मिळते. चंदीगढच्या विद्यापीठातील एका नामवंत प्राध्यापकांनी हिमालयातील जीवाश्मांवर पाव शतक शेकडो निबंध लिहिले. १९८९ साली जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की त्यांतील कित्येक नमुने हिमालयातले नव्हतेच. काही मोरोक्कोतले, काही न्यूयॉर्क राज्यातले असावेत असे होते. जीवाश्म अस्सल होते. खोटी होती ती त्यांच्याबरोबरची चिठ्ठी, कुठे सापडला हे सांगणारी. अनेक सहलेखकांनी मूळ जागा न पाहता, केवळ विश्वासाने नावे दिली होती. त्या निबंधांवर इतरांनी हिमालयाच्या जडणघडणीची अनुमाने रचली होती. ती सारी पुन्हा तपासावी लागली. दगडाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने बोलणाऱ्याचा शब्द एवढा मोलाचा असतो.

खऱ्या चिठ्ठीसह आलेली क्षुल्लक वस्तूही काय सांगून जाते! चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी ते विरघळवून तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण निघाले. हे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते, असेच सर्वसाधारणपणे मानले जाई. तो सारा समज शेणाच्या एका गोळ्याने मोडला.

थरांवरून काळ वाचण्याची ही विद्या ख्रिस्तसभेबाहेर वाढली, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता. निल्स स्टेनो हे मूळचे डेन्मार्कचे, शरीररचनेचे अभ्यासक. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे त्यांच्यासमोर एका प्रचंड शार्क माशाचे डोके आणले गेले. त्याचे दात पाहताच त्यांना माल्टा बेटावर मिळणारे जिभेच्या आकाराचे दगड आठवले. संत पौलाने माल्टा येथे विषारी सर्पाला झटकून टाकले, त्या शापाने सर्पांच्या जिभा दगड झाल्या, अशी तेथील भाविकांची समजूत होती. स्टेनो यांनी म्हटले, हे दात आहेत, आणि जेथे ते सापडतात तेथे एके काळी समुद्र होता. पुढे १६६९ साली त्यांनी नियम मांडला, की थर उलथेपालथे झालेले नसतील तर खालचा थर आधीचा. कसब्यात पायाचा खड्डा खणला, की हाच नियम उघडा पडतो. वर सिमेंट, खाली विटा, मग राख आणि खापरे मिसळलेली पांढर, आणि शेवटी मुरूम. स्टेनो १६६७ मध्ये कॅथॉलिक झाले, १६७५ मध्ये धर्मगुरू आणि १६७७ मध्ये बिशप. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २३ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांना 'धन्य' म्हणून घोषित केले. पृथ्वीचा इतिहास त्यांनी पवित्र शास्त्रातील काळगणनेशीच जुळवून मांडला होता. तेवढे पुढे टिकले नाही. नियम टिकला. माल्टाच्या भाविकांची समजूत मोडताना संत पौलाचा मान कमी होईल, असे त्यांना वाटले नाही, आणि तो झालाही नाही.

संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना फार पूर्वीच बजावून ठेवले होते, की निसर्गाविषयी जे इतरांना पक्के ठाऊक आहे, त्याबाबत ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या नावाने अज्ञान पाजळले, तर हसे होते आणि ते शास्त्राचे होते. त्यांच्यासमोर आरगॉन नव्हता, झिरकॉन नव्हता. सहा दिवस म्हणजे सहा साधे दिवस असे मात्र तेही धरून बसले नव्हते. आमच्या उत्तरापेक्षा ते पंधराशेहून अधिक वर्षे पुढे होते म्हणायचे. अर्थात सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे कोणासाठी आणि का, याचे उत्तर सापडणार नाही. ते तेथे शोधू नये, आणि ते नाही म्हणून प्रयोगशाळेला नावेही ठेवू नयेत.

काही आठवड्यांनी तो मुलगा पुन्हा भेटला. त्या दिवशी आम्ही नीट उत्तर दिले नाही, हे आम्ही त्याच्याजवळ कबूल केले. उत्पत्तीचे पुस्तक जग कोणी केले ते सांगते. दगड केव्हा थिजला ते मोजून काढायचे काम देवाने आपल्या बुद्धीवर सोडले आहे, असे त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने विचारले, "पण सर, माझा दगड खरंच कसब्याचा आहे का?"

आम्ही चमकलो. तो दगड जोत्यातला होता. वाडा बांधणाऱ्यांनी तो कोणत्या खाणीतून आणला, हे आम्हांला माहीत नव्हते, आणि इतके दिवस आम्ही मात्र सर्वांना 'कसब्याचा दगड' म्हणूनच तो दाखवीत होतो. दोघांनी मिळून कागदाची एक चिठ्ठी केली. 'कसबा पेठ, पाडलेल्या वाड्याच्या जोत्यातून. मूळ खाण माहीत नाही.' तारीख त्याला आठवेना, आम्हांलाही आठवेना. ती जागा कोरी सोडली आणि चिठ्ठी दगडाला दोऱ्याने बांधून त्याच्या हाती दिली.