सिंगल की रिटर्न?

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला परत येण्याविषयी कोणी काही शिकवायला नको. 1853 साली 16 एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंतच आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून सकाळी जाणे व संध्याकाळी परत येणे हाच आमच्या या गावांचा मुख्य धंदा होऊन बसला. तिकीटखिडकीतला माणूससुद्धा पैसे घेण्याआधी "सिंगल की रिटर्न?" एवढंच विचारतो. प्रश्न वरवर साधा, पण त्यात केवढं औदार्य आहे पाहा! तुम्ही गेलात म्हणजे तिकडचेच झालात, असं रेल्वे गृहीत धरत नाही.

हे औदार्य ऑनलाइन दुकानांना कोणी शिकवील काय?

आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांना कुकरची रिंग हवी होती. पाच लिटरचा कुकर, बाहेरून लागणारं झाकण. फडके रोडच्या आसपास कुठल्याही भांडीवाल्याकडे हे काम दोन मिनिटांचं. पण मुलाने नवा फोन दिलेला, तेव्हा रिंग फोनवरूनच घ्यायची असं ठरलं. काकांनी लिटर निवडले, झाकण निवडलं, किमतीची मर्यादा घातली, आणि बोटाने यादी वर सरकवत सरकवत साठाव्या का सत्तराव्या रिंगेपाशी पोचले. ती उघडून पाहिली. जरा लहान वाटली, म्हणून मागे जाण्याचा बाण दाबला, तर थेट पहिल्या रिंगेवर! लिटर गेले, झाकण गेलं, किंमत गेली. म्हणजे दुकानदाराने एक वस्तू दाखवावी, आपण "दुसरी बघू" म्हणावं, आणि त्याने आपल्याला उचलून डोंबिवली स्टेशनच्या पुलावर नेऊन ठेवावं. या, पुन्हा चालत या. असं काका चार वेळा चालत आले. पाचव्या वेळी त्यांनी फोनला जे म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

यामागचं कारण मी एका जाणत्या मुलाकडून समजून घेतलं. पूर्वी प्रत्येक पान स्वतंत्र असायचं, त्यामुळे 'मागे' म्हणजे कुठे हे ब्राउझरला आपोआप ठाऊक असायचं. आता बऱ्याच दुकानांत पान एकच, आतला मजकूर तेवढा बदलतो. गिऱ्हाईक कुठे उभं होतं याची खूण दुकानाच्या प्रोग्रॅमनेच ठेवायची असते. नाही ठेवली, तर गिऱ्हाईक पुलावर. हा झाला आळस. पण याच सोयीचा काही चलाख मंडळी दुसराही उपयोग करतात. तुमच्या परतीच्या वाटेवर ती खोटी स्टेशनं घालून ठेवतात. बाण दाबला की तेच पान. पुन्हा दाबला की "निघालात? थांबा, दहा टक्के सूट!" तिसऱ्यांदा दाबला की भलत्याच वस्तूंचा बाजार. हा प्रकार इतका बोकाळला की क्रोम ब्राउझरला 2019 साली अशी खोटी स्टेशनं ओलांडून मागे नेण्याची व्यवस्था करावी लागली.

आता खरा प्रश्न. काही न घेता दुकानातून बाहेर पडणं हा गिऱ्हाइकाचा हक्क, की दुकानदाराची मेहेरबानी?

कोणी म्हणेल, अहो, ठाण्याच्या गोखले रोडवरचा साडीवाला काय कमी अडवतो? गादीवर बसवतो, "घेऊ नका हो, नुसत्या बघा" म्हणतो, चहा मागवतो आणि बघता बघता चाळीस साड्यांचा डोंगर करतो. मग उठताना भिडस्त माणसाचे गुडघे जड होतात. कबूल! पण त्या चाळीस साड्यांच्या घड्या पुन्हा त्यालाच घालायच्या असतात. आपल्याला भीड पडावी म्हणून त्याने स्वतःचे खांदे दुखवून घेतलेले असतात. शिवाय आपल्याला त्याला तोंड दाखवायचं असतं, तसं त्यालाही आपल्याला दाखवायचं असतं; उद्या राम मारुती रोडवर गाठ आहेच. भीड अशी दोन्ही बाजूंनी असते. यंत्राचा खांदा दुखत नाही आणि ते राम मारुती रोडवर भेटतही नाही. आणि मुख्य म्हणजे, साडीवाला कितीही आग्रह करो, दुकानाचं दार तो जागचं हलवत नाही.

आग्रहाबद्दल माझी तक्रार नाही. जेवणाच्या पंक्तीत आग्रह हा आपणच गुण मानतो. पण पानावर हात आडवा धरला की वाढणाऱ्याने थांबायचं असतं, त्या हातालाही अर्थ आहे. इथे हात आडवा धरायचीही पद्धत त्यांनीच ठरवलेली. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं लिहिलेलं बटण दाबावं तेव्हा सुटका. म्हणजे नकार द्यायचा तर आधी आपण मूर्ख असल्याच्या कागदावर सही!

सरकारलाही हे खटकलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 युक्त्यांना नावानिशी मनाई केली. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकवणं, खोटी घाई करणं, नकाराची लाज वाटायला लावणं, वर्गणीत अडकवून ठेवणं, सगळं त्यात आहे. 'डार्क पॅटर्न' हे या युक्त्यांचं नाव हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने 2010 साली ठेवलेलं. आमच्या बाणाला मात्र त्या तेरांत स्वतंत्र पाट मिळालेला नाही. तरी तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे, लिहून ठेवा.

अमेरिकेत तर ॲमेझॉनवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली खटलाच भरला. प्राइमची वर्गणी बंद करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत असत, असं त्यात पुढे आलं. सप्टेंबर 2025 मध्ये आरोप मान्य न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. इलियड म्हणजे दहा वर्षांच्या वेढ्यावरचं होमरचं महाकाव्य. त्यातल्या एका वीराच्या घरी परतण्यावर पुढे आणखी एक महाकाव्य लागलं. नाव ठेवणारा बहुश्रुत असला पाहिजे. आपल्याकडचा असता तर त्याला महाभारतातलं अचूक नाव सापडलं असतं.

एका जागी मात्र दुकान सरळ बोलतं. पैसे भरताना पाटी येते: "कृपया बॅक दाबू नका, पान रिफ्रेश करू नका." ही मनाई रास्त आहे, कारण त्या घटकेला पैसे तुमच्या बँकेतून निघून दुकानाकडे पोचायचे असतात, आणि मधेच फिरलात तर निरोपांची चुकामूक होते. (यूपीआयने पैसे गेले पण दुकानाला पोचल्याचा निरोपच आला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे ते त्या दिवसानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई.) काकांनी अखेर रिंग घेतलीच, तेव्हा ही पाटी आली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, हात मागे बांधले, काकूंना बोलू नका अशी खूण केली आणि वारा लागून बोट-बिट फिरेल म्हणून पंखाही बंद केला.