मेंढरांची मोजदाद



आज उत्तम मेंढपाळाचा रविवार. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो आणि मेंढरे त्याचा आवाज ओळखतात, असे प्रभू येशू आजच्या शुभवर्तमानात सांगतो. या रविवारी आपण धर्मगुरुपदाच्या व व्रतस्थ जीवनाच्या पाचारणासाठी प्रार्थना करतो. ती आजही होईल. पण येत्या ३ मे रोजी जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिन आहे, आणि गेले काही दिवस श्रीलंकेतील एक महागुरुस्वामी आमच्या मनात घर करून बसले आहेत. त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

श्रीलंका आपल्याला परकी नाही. गोव्यातील बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ मध्ये तेथे गेले, तेव्हा डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. मजुराच्या वेशात ते घरोघर फिरले. कँडीच्या राजाने तर त्यांना पोर्तुगिजांचा हेर समजून तुरुंगात टाकले. लोकांची दुःखे जाणून घेणारा मनुष्य सत्तेला हेर वाटतो, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. आणि तेथे ती पुढेही थांबली नाही.

१९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षे त्या देशात सरकार आणि तमिळ वाघ यांचे युद्ध चालले. अखेरच्या महिन्यांत वन्नी भागात लाखो माणसे समुद्रकिनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकली. स्वतंत्र पत्रकारांना तेथे प्रवेश नव्हता. सामान्य नागरिक एकही मरू नये असेच आमचे धोरण आहे, असे सरकार सांगत होते, आणि ते खोटे ठरवायला तेथे कॅमेरा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये म्हटले की त्या काळात ४०,००० पर्यंत नागरिक मारले गेले असावेत.

मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी वजाबाकी केली. ऑक्टोबर २००८ मध्ये वन्नीत ४,२९,०५९ लोक होते, हा सरकारी कचेऱ्यांचाच आकडा. जुलै २००९ पर्यंत सरकारी ताब्यातील प्रदेशात आले २,८२,३८०. मग उरलेली १,४६,६७९ माणसे कुठे गेली? जानेवारी २०११ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगासमोर त्यांनी हा प्रश्न ठेवला. एवढी माणसे मारली गेली, असे ते म्हणाले नाहीत. यांचा हिशेब द्या, इतकेच म्हणाले. त्यानंतर पोलिसांनी चौकशी केली ती बिशपांचीच. १ एप्रिल २०२१ रोजी ते देवाघरी गेले, तोवर त्या वजाबाकीचे उत्तर त्यांना मिळाले नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही सत्याची व्याख्या पाठ केली होती: बुद्धी आणि वस्तुस्थिती यांचा मेळ. परीक्षेत गुणही बरे पडले होते. पण सत्य म्हणजे दुसरी-तिसरीतल्या मुलाला येणारी वजाबाकी भर आयोगासमोर मोठ्याने वाचणे, हे आम्हांला या महागुरुस्वामींनी शिकवले. खरे सांगायचे तर ते आकडे आमच्या हाती असते, तर आम्ही गेलो असतो की प्रकृतीचे कारण पुढे केले असते, याचे उत्तर आम्ही अजून स्वतःलाच दिलेले नाही.

त्या मोजणीत धर्मगुरूही आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये जाफन्याजवळच्या अल्लाईपिड्डी गावात लोक चर्चमध्ये आश्रयाला आले असता तेथे तोफगोळे पडले. तेथील धर्मगुरू फादर जिम ब्राउन आपल्या माणसांना सुरक्षित जागी नेण्यासाठी धडपडले. २० ऑगस्टला ते एका सोबत्यासह नौदलाच्या नाक्याजवळ शेवटचे दिसले. पुढे दोघांचाही पत्ता नाही. युद्ध संपले त्या दिवशी, १८ मे २००९ रोजी, वृद्ध फादर फ्रान्सिस जोसेफ शरण येणाऱ्यांबरोबर लष्कराच्या हवाली झाले. साक्षीदार सांगतात की त्यांनी त्या लोकांच्या नावांची यादी केली. मग सारे बसमध्ये चढले. ती माणसे परत आली नाहीत, फादरही नाहीत.

आमच्या कार्यालयातील कपाटात बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. एखाद्या बाळाचे नाव लिहिताना आता आम्हांला ती यादी आठवते.

पत्रकार हेच काम करतो. गेलेल्याचे नाव तो छापतो. लसंता विक्रमतुंगे हे कोलंबोच्या ‘संडे लीडर’ या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक. ते स्वतः सिंहली होते. सरकारचा भ्रष्टाचार त्यांनी छापला, वाघांच्या क्रौर्यावरही लिहिले, आणि तमिळ नागरिकांवर बॉम्ब टाकणे चूक आहे असेही लिहिले. ८ जानेवारी २००९ रोजी कामावर जाताना भररस्त्यात त्यांची हत्या झाली. तीन दिवसांनी, रविवारी, त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आपण मारले जाऊ आणि मारणारे सरकारच असेल, असे त्यांनी त्यात आधीच लिहून ठेवले होते. आजतागायत कोणाला शिक्षा झालेली नाही. व्यंगचित्रकार प्रगीत एक्नलिगोडा २४ जानेवारी २०१० पासून बेपत्ता आहेत. त्यांच्या पत्नी संध्या तेव्हापासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवत आहेत.

आता कोणी म्हणेल, फादर, वाघ काय साधू होते? मुळीच नाही. त्यांनी शाळकरी पोरांच्या हाती बंदुका दिल्या, १९९० मध्ये उत्तरेतील मुसलमानांना घरादारांतून हाकलले, आणि शेवटी आपल्याच लोकांना ढालीसारखे पुढे धरून पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. जाफना विद्यापीठातील डॉक्टर रजनी थिरणगामा दोन्ही बाजूंचे अत्याचार लिहून ठेवत होत्या. २१ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांना सायकलवरून घरी जाताना गोळ्या घातल्या. ते कृत्य वाघांचेच मानले जाते. वहीत दोन्ही रकाने भरणारा माणूस कोणालाच नको असतो.

याहून आम्हांला सलते ती गोष्ट आपल्या घरातली आहे. श्रीलंकेच्या ख्रिस्तसभेत सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत मिस्सा होते. प्रभूचे शरीर एकच, पण युद्धाकडे पाहण्याची नजर एक नव्हती. एकाच्या चर्चवर गोळा पडला तेव्हा दुसऱ्या भाषेत त्यासाठी किती प्रार्थना झाली असेल, असा प्रश्न आम्हांला पडतो. पुढे २१ एप्रिल २०१९ ला, पुनरुत्थानाच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ येथील चर्चेसमध्ये बॉम्ब फुटले. चर्चेस आणि हॉटेले मिळून अडीचशेहून अधिक जीव गेले. तेव्हापासून कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजीत सातत्याने विचारत आहेत: यामागे खरे कोण होते? मन्नारच्या महागुरुस्वामींचा प्रश्न दहा वर्षांत दक्षिणेत, सिंहली चर्चच्या दारात येऊन पोहोचला.

एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली आहे, तीही सांगतो. आजच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत फादर जिम ब्राउन यांचे नाव घालायला बसलो आणि पेन थांबले. मृतांसाठीच्या प्रार्थनेत घालावे की जिवंतांच्या? श्रीलंका सरकारने २०१६ मध्ये कायदा करून अशा माणसांसाठी मृत्यूच्या दाखल्याऐवजी ‘गैरहजेरीचा दाखला’ देण्याची सोय केली. किलिनोच्चीत २० फेब्रुवारी २०१७ पासून आपल्या मुलांचे फोटो घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या आयांना दाखला नको होता. मुलगा कुठे आहे, एवढे त्यांना हवे होते. त्यांच्यापैकी कित्येक जणी उत्तराची वाट पाहतच वारल्या.

तेव्हा आज एक वेगळी, पाचवी प्रार्थना आहे. तीत चार नावे आहेत: फादर जिम ब्राउन, फादर फ्रान्सिस जोसेफ, प्रगीत एक्नलिगोडा आणि, ज्यांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे ते लसंता विक्रमतुंगे. वाचणाऱ्यांनी उच्चार मिस्सापूर्वी आमच्याकडून समजून घ्यावेत. नावे सावकाश वाचावीत.

आपला,
प्रमुख धर्मगुरू