पाहुण्याची भूक

कल्याणच्या एसटी स्टँडवर शनिवारी रात्री पाठीला सॅक लावलेल्या मुलामुलींचा एखादा तरी घोळका असतो. खुबी फाट्याला उतरायचं, खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगड चढायचा आणि पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी जेवायचं, हा त्यांचा बेत. त्या घरात कुणी पदार्थांची यादी मागत नाही. पिठलं असेल तर पिठलं, भाकरी तांदळाची असेल तर तांदळाची. दिवसभर चालून आलेल्या पोटाला ते गोड लागतं आणि वाढणाऱ्या मावशींना समाधान वाटतं. आपण त्या घरचे पाहुणे असतो आणि पाहुण्यासारखं जेवतो.

आता याच सॅका परदेशी निघाल्या आहेत. मुंबईहून थेट विमानं सुरू झाल्यापासून व्हिएतनाम तर ठाणे-डोंबिवलीच्या तरुणांना फारच जवळ आला. सॅकमध्ये खाकरे, ठेपले, मेतकुटाची पुडी असते. असू द्यावी. ज्याला पथ्य आहे, ज्याचं पोट नाजूक आहे, त्याने ती जवळ ठेवावीच. पण आठवडाभर फक्त तेच खाल्लं आणि संध्याकाळी आपल्याकडच्या जेवणाचं हॉटेल शोधलं, तर देश डोळ्यांनी पाहून होतो, त्याच्या घरात मात्र पाऊल पडत नाही.

हनोईची सकाळ ‘फो’ने सुरू होते. हाडं तासन्‌तास उकळून काढलेला रस्सा, त्यात तांदळाच्या पट्ट्या, वर हिरवा पाला आणि लिंबू. हा रस्सा बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो. ते न खाणाऱ्याने ‘फो गा’, म्हणजे कोंबडीचा मागावा. दुपारी ‘बुन चा’ असतो: निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड पातळ रस्सा, तांदळाच्या शेवया. आपल्या कोकणातले शिरवाळे खाल्लेल्याला या शेवया परक्या वाटणार नाहीत. दक्षिणेकडे गेलं की ‘बान सेओ’ मिळतो. तांदळाचं पीठ, हळद आणि नारळाचं दूध एकत्र करून तव्यावर चर्रकन टाकलेला पोळा. तो भाजीच्या पानात गुंडाळून हाताने खायचा. या सगळ्याच्या सोबतीला ‘नुओक माम’ हे माशांचं आंबवलेलं पाणी असतं. फु क्वोक बेटावर मोठमोठ्या लाकडी पिंपांत छोटी मासळी आणि मीठ थरावर थर रचून सुमारे वर्षभर मुरवतात. त्याचा वास आधी आडवा येतो. सुकट आणि जवळ्यावर वाढलेल्याला तो लवकर उमगतो, इतरांना दोन दिवस लागतात. ते दोन दिवस द्यावेत.

मे २०१६मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा हनोईतल्या एका साध्या खाणावळीत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बुन चा जेवले. सोबत शेफ आणि लेखक अँथनी बुर्डेन होते. दोघांच्या जेवणाचं बिल सहा डॉलरच्या आसपास झालं. याच शहरावर १९७२च्या डिसेंबरात अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले होते. एका वाटीने असा इतिहास मिटत नाही. पण आपल्याकडे आलेला माणूस आपल्यासारखाच, आपल्याच उंचीच्या स्टुलावर बसून जेवतो आहे, हे यजमानाला दिसतं. त्या खाणावळीने ते टेबल काचेआड जपून ठेवलं आहे.

शाकाहारी माणसालाही हा पाहुणचार घेता येतो. व्हिएतनाममधली अनेक बौद्ध कुटुंबं चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेला, मांसमासळी वर्ज्य करतात. ‘चाय’ अशी पाटी असलेल्या खाणावळीत मासळीचं पाणीसुद्धा वापरत नाहीत. तिथे टोफूची, अळिंबीची, केळफुलाची रुचकर ताटं मिळतात. तेव्हा आपला नेम सांभाळण्यासाठी यजमानाचं घर टाळायची गरज नाही. त्याच्या घरातही नेमधर्म आहे, एवढं विचारून घ्यावं लागतं.

हे सगळं दूरदेशी शिकावं, पण त्याची गरज आपल्या दाराशी अधिक आहे. ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाडे आधीपासून आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या कितीतरी इमारती आगरी गावांच्या भातशेतांवर उभ्या आहेत. आपल्यापैकी बरेच जण कोकणातून, देशावरून किंवा आणखी लांबून इथे येऊन स्थिरावले. मामलेदारची मिसळ आणि कल्याणचा खिडकी वडा आपण आपले मानले. पण खाडीतल्या निवट्यांचं कालवण, चिंबोऱ्यांचा रस्सा, आगरी मसाल्यातला जवळा, वालाचं कालवण आणि हातावर थापलेली तांदळाची भाकरी हे जेवण शेजारच्या गल्लीत रोज शिजत असूनही अनेक घरांना वर्षानुवर्षं अनोळखीच राहिलं. हॉटेलांच्या यादीत ते क्वचितच दिसतं. ते भेटतं हळदीच्या मांडवात, गावदेवीच्या जत्रेत, आगरी महोत्सवात आणि मुख्य म्हणजे घरात. ज्यांच्या जमिनीवर आपलं गाव वसलं, त्यांच्या ताटाशी आपण बसलोच नसू, तर आपण इथे राहतो खरे, पण यजमानाची ओळख अजून व्हायची आहे.

म्हणून या आठवड्यात ओळखीच्या एखाद्या आगरी किंवा कोळी काकूंना मोकळेपणाने विचारावं, “तुमच्याकडे आज काय केलंय?” त्यांनी “बस, जेवून जा,” म्हटलं तर घड्याळाकडे न बघता बसावं. जे चालत नाही ते नम्रपणे सांगावं, जे चालतं ते मनापासून खावं आणि कसं केलं तेही विचारावं. पाहुणा होता येणं ही सवयीची गोष्ट आहे. ती मानपाड्यात किंवा चेंदणीत लागली, तर हनोईत वेगळी शिकावी लागत नाही.