नदी वळवणाऱ्याचं ऋण

केरळात कालडीला शंकराचार्यांच्या लहानपणची एक गोष्ट सांगतात. आई आर्यांबा थकली होती. रोज लांब नदीवर आंघोळीला जायची, एकदा वाटेतच चक्कर येऊन पडली. मुलाने देवाला विनवलं आणि नदी वळून घराच्या दाराशी आली. ती नदी पूर्णा, म्हणजे आजची पेरियार. प्रवचनकार गोष्ट इथे थांबवतात. मातृभक्तीचा दाखला म्हणून तेवढी पुरते. कालडीत मात्र ती पुढेही सांगतात, आणि मला त्या पुढच्या भागाने धरून ठेवलं आहे. नदी वळली ती काठावरच्या कृष्णाच्या देवळाला जाऊन लागली. देऊळ ढासळायला आलं. तेव्हा शंकरांनी ती मूर्ती स्वतः उचलली आणि सुरक्षित जागी नेऊन बसवली. 1910 मध्ये शृंगेरी पीठाने तिथे शंकराचार्यांचं आणि शारदांबेचं मंदिर उभं केलं, यात्रेकरू त्यासाठी येतात. मी पहिल्यांदा गेलो तो कृष्णाकडे.

मी कराडचा. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, म्हणजे नद्या अडवण्या-वळवण्यातच आयुष्य गेलं. म्हणून ही गोष्ट मी चमत्कार म्हणून वाचूच शकत नाही. मला तीत एक प्रकल्प दिसतो, त्याचा लाभार्थी दिसतो आणि त्याने विस्थापित केलेला एक देवही दिसतो. नदी वळवायचा अधिकार माणसाला कुठून येतो, आणि आलाच तर त्याबरोबर काय अंगावर येतं, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मते तो धर्माचाच प्रश्न आहे.

कालडीच्या बऱ्याच वर, डोंगरात, याच पेरियारवर इडुक्कीचं धरण आहे. कॅनडाच्या मदतीने आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या हातून ते उभं राहिलं. 1969 मध्ये काम सुरू झालं, 12 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी प्रकल्पाचं उद्घाटन केलं. आमच्या कोयनेचं धरण आपल्या वजनावर उभं आहे; पाण्याने कितीही रेटलं तरी ते आपल्या भाराने बसून राहतं. इडुक्कीचा न्याय वेगळा. उंची 169 मीटरच्या आसपास आणि माथ्यावर जाडी जेमतेम साडेसात मीटर, तळाशीसुद्धा वीस मीटरला थोडी कमी. एवढ्या पातळ भिंतीमागे एवढं पाणी! भिंत आडवीही वाकलेली आहे आणि उभीही. तिला ना सांडवा, ना दारं. जादा पाणी सोडायचं ते शेजारच्या चेरुतोणी धरणाच्या दारांतून. ओणमच्या सुमारास लोकांना धरणावर सोडतात तेव्हा मी माथ्यावरून चालत गेलो. मधोमध थांबून खाली पाहिलं तर भिंतीचा पायथा दिसेना, भिंत आत वळून दिसेनाशी होत होती. आणि जिथे ती संपते तिथे काँक्रीट सरळ उघड्या काळ्या कातळात घुसलेलं होतं.

सगळं मर्म त्या कातळात आहे. कमान पाण्याचा रेटा स्वतःपाशी ठेवत नाही, तो दोन्ही बाजूंच्या डोंगरांच्या अंगावर घालते. त्यांची नावं कुरवन आणि कुरत्ती. कुरवर म्हणजे गावकुसाबाहेरची, भटकी जात. त्या जातीतल्या एका जोडप्याने नदीवर राम-सीतेला स्नान करताना पाहिलं, म्हणून त्यांना शापाने डोंगर व्हावं लागलं, अशी तिथली कथा. जागा दाखवली तीही एका आदिवासीनेच. 1922 च्या सुमारास मळ्याचे एक अधिकारी जॉन शिकारीला जंगलात गेले होते. उराळी जमातीचा प्रमुख कोलुंबन त्यांना वाट दाखवत होता. दोन डोंगरांमधली ही खिंड त्याने दाखवली आणि तिथूनच धरणाची कल्पना निघाली. धरणाजवळ त्याचं स्मारक आहे. लाखो घरांतल्या दिव्यांचा भार कुरवन-कुरत्तीच्या अंगावर पडला आहे, आणि तो कुठे टाकायचा हे कोलुंबनने सांगितलं. स्थापत्याच्या पुस्तकात हे कुणी लिहिणार नाही, पण त्या माथ्यावर उभं राहिल्यावर मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आता पाण्याचं. इडुक्कीचं पाणी कुळमावूहून बोगद्यात शिरतं, साडेसहाशे मीटरहून जास्त खाली मूलमट्टमला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात पडतं, 130 मेगावॅटचे सहा संच फिरवतं आणि बाहेर पडून तोडुपुळा नदीला मिळतं. तिथून मूवाट्टुपुळेत. पेरियारला ते परत मिळत नाही. धरणाखाली बरंच अंतर पेरियारच्या पात्रात एरवी नुसते धोंडे असतात. पुढे मुदिरपुळा वगैरे उपनद्या मिळतात तेव्हा कुठे ती पुन्हा नदी होते. कराडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रीतिसंगमावर कृष्णेला येऊन भिडायचं ते कोयनेचं पाणी निम्म्याहून अधिक सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं आणि अवजल होऊन वाशिष्ठीने चिपळूणकडे जातं.

माझे एक ज्येष्ठ सहकारी वेदान्ताचे चांगले अभ्यासक होते. ते म्हणायचे, "अरे, पाणी एकच. कृष्णा काय, वाशिष्ठी काय, नाम-रूपाचा भेद. समुद्रात गेल्यावर विचारतोस का कोण कुठली?" मी त्या युक्तिवादाशी वर्षानुवर्षं झगडलो. आचार्यांचं भाष्य जमेल तसं वाचलं. माझी खात्री अशी झाली की अद्वैताचा हा वापर अद्वैताला धरून नाही. आचार्यांनी व्यवहार खोटा ठरवून वाऱ्यावर सोडलेला नाही. ज्ञान होईपर्यंत व्यवहार आपल्या जागी पुरता खरा असतो, तिथले भेद आणि तिथली कर्तव्यं सुटत नाहीत. आणि त्यांच्या आयुष्याची जी कथा परंपरा सांगते ती तर आणखी पुढे जाते. ज्याला सगळं जग नाम-रूप वाटत होतं, तो संन्यासी असूनही आईच्या चितेला अग्नी द्यायला परत आला. तिची समाधी कालडीतच आहे. पाणी एकच असेल, पण धोंड्यांच्या पात्राकाठी ज्याचं शेत आहे त्याला एकत्व सांगायचा अधिकार त्याचं पाणी नेणाऱ्याला नाही. तहानलेल्याने ते स्वतःला सांगितलं तर ते ज्ञान. नेणाऱ्याने सांगितलं तर ती चोरीवर घातलेली शाल.

माझी आत्या कोयनेच्या खोऱ्यात दिली होती. धरणात गाव जायचं ठरलं तेव्हा घरातले टाक पंचात बांधून नेता आले, पण गावच्या भैरीची शिळा दोन पुरुष उंच, अर्धी जमिनीत. ती हलेना. मग गुरवाने शिळेवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर विळ्याने खरवडला. त्याचे जाड पापुद्रे निघाले, ते पितळेच्या डब्यात भरले. नव्या वसाहतीत माळावरचा एक दगड पुसून घेतला आणि तो शेंदूर तेलात कालवून त्याला लावला. आत्या सांगायची, "देव आला, पण त्याला ओळखायला आम्हाला दोन वर्षं लागली." तो डबा उचलायला प्रकल्पाचा एकही माणूस नव्हता.

इडुक्कीलाही तेच. धरणासाठी अय्यप्पनकोविलच्या शेतकऱ्यांना 1961 च्या पावसाळ्याच्या तोंडावर उठवून कुमळीजवळ अमरावतीला उघड्यावर नेऊन टाकलं. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन तिथे जाऊन उपोषणाला बसले तेव्हा देशाचं लक्ष गेलं. अय्यप्पाचं जुनं देऊळ मात्र जागेवरच राहिलं. जलाशय भरला की त्याला पाण्याचा वेढा पडतो आणि भक्त होडीने दर्शनाला जातात.

मला विचारतात, मग धरणं बांधूच नयेत का? असं मी कधी म्हणालो नाही. शंकरांनीही नदी वळवली, आणि एका म्हातारीच्या पायांसाठी वळवली हे कारण मला पुरेसं वाटतं. इडुक्कीच्या विजेने कुठल्या तरी म्हातारीच्या घरात दिवा लागतोच. पण त्या कथेत नदी वळवणारा आणि मूर्ती उचलणारा माणूस एकच आहे. आपण ही दोन कामं दोन टेबलांवर वाटली. एका टेबलावर बक्षिसं मिळाली, दुसऱ्यावर फायली साचल्या. कोयनेचे प्रकल्पग्रस्त साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी आंदोलनाला बसतात, आणि आता बसतात ती नातवंडं.

निवृत्तीनंतर मी त्यांच्या कामात पडलो. संकलन रजिस्टरात कुणाच्या आजोबांचं नाव चुकलंय, कुणाचा सर्व्हे नंबर शेजारच्या गावात गेलाय, हे जुने नकाशे पसरून शोधावं लागतं. मला ते नकाशे वाचता येतात, कारण त्या काळी आम्हीच ते वापरले. सोमवारी आणि गुरुवारी माणसं घरी येतात, सातबारे आणि पिवळ्या पडलेल्या नोटिसा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. चहा होतो, मग आम्ही कामाला बसतो.