स्वस्त कॅबिनेटची किंमत

मराठीत ‘काटकसर’ आणि ‘कंजुषी’ हे शब्द अगदी शेजारी राहतात. दोन्हींत माणूस एकच गोष्ट करतो, पैसे वाचवतो. तरी एकीला आपण गुण म्हणतो आणि दुसरीला दोष. हा फरक येतो कुठून? ॲरिस्टॉटलचं उत्तर मधल्या मार्गाचं आहे: एका टोकाला उधळेपणा, दुसऱ्या टोकाला चिकटपणा, आणि मधे औदार्य. योग्य माणसासाठी, योग्य वेळी, योग्य तितकं खर्चावं, अशी पुस्तीही तो जोडतो. पण दुकानात उभं राहिल्यावर ‘योग्य’ म्हणजे काय हाच तर प्रश्न असतो. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला गाय आखूडशिंगी, बहुगुणी, बहुदुधी हवी असते आणि खिशात पैसे मात्र तिच्या दाव्यापुरते असतात.

हा प्रश्न मला एका क्षुल्लक वस्तूवर घासून पाहायचा आहे: सर्व्हर बसवण्यासाठीचं स्वस्त रॅकमाउंट कॅबिनेट, म्हणजे पत्र्याची एक आडवी पेटी. लग्नाचा किंवा दवाखान्याचा खर्च घेतला तर आपल्या भावना आधीच बाजू घेऊन बसतात. पत्र्याच्या पेटीबद्दल कुणाच्या भावना नसतात, त्यामुळे हिशेब स्वच्छ दिसतो.

उदाहरणासाठी गाव घेऊ झरी, परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. समजा, तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका आहे. मराठवाड्यात आता अशा अभ्यासिका गावोगाव आहेत: वीस-चाळीस खुर्च्या, भिंतीवर नकाशे, दाराशी चपलांचा ढीग. मोबाइलला कधी रेंज असते, कधी नसते. ज्याचा डेटा पॅक संपला त्याचा अभ्यासही संपतो. म्हणून लोकवर्गणीतून एक सर्व्हर उभा करायचं ठरतं. त्यात व्याख्यानांचे व्हिडिओ, जुन्या प्रश्नपत्रिका, सराव परीक्षा आणि ‘किविक्स’वर चालणारा इंटरनेटविना विकिपीडिया असेल. खोलीतल्या वायफायवर सगळ्यांना सगळं फुकट.

काटकसरीचा पहिला प्रश्न इथेच विचारायला हवा: एवढ्यासाठी सर्व्हर लागतो का? नुसता विकिपीडिया आणि पीडीएफ असतील तर तळहाताएवढा एक बोर्ड पुरतो. तिथे थांबणं शहाणपणाचं. पण शेकडो तासांचे व्हिडिओ, एकाच वेळी चाळीस जणांची सराव परीक्षा आणि एक हार्ड डिस्क गेली तरी दुसरीवर प्रत शिल्लक राहावी ही अपेक्षा असेल, तर तीन-चार डिस्कची जागा असलेलं यंत्र लागतं. ते टेबलावर ठेवलं तर कुणाचा तरी पाय वायरीत अडकणार. भिंतीवर इंटरनेटच्या जोडणीसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी कुलूप लागणारा छोटा लोखंडी रॅक बहुतेक ठिकाणी असतोच. त्यात मावेल अशी पेटी घ्यावी, हा विचार तिथूनच येतो.

आता मापं. रॅकची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन यंत्रणेत रुळलेलं हे माप आजही जगभर चालतं. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. जाहिरातीत ठळक असतात ते हे दोन आकडे. तिसरा आकडा खोलीचा, आणि घोळ होतो तो तिथेच. मोठ्या डेटा सेंटरसाठी केलेल्या पेट्या साडेसहाशे मिलिमीटर आणि त्याहूनही खोल असतात. भिंतीवरचा रॅक जेमतेम साडेचारशे ते सहाशे. तेव्हा आखूड खोलीची पेटी शोधावी, आणि मागे केबली वळायला चार बोटं जागा सोडून मोजावं.

उंचीबाबत साधा नियम आहे. बजेट कमी असेल तर पेटी उंच घ्यावी. ऐकायला उलटं वाटतं, पण ४यूच्या पेटीत नेहमीच्या डेस्कटॉपचा एसएमपीएस बसतो, साधा कूलर आणि पूर्ण उंचीची कार्डं मावतात आणि १२० मिलिमीटरचे मोठे फॅन लावता येतात. १यूच्या पेटीत फॅन ४० मिलिमीटरचे. तेवढीच हवा ढकलायला ते कितीतरी वेगाने फिरतात आणि अक्षरशः किंचाळतात. डेटा सेंटरमध्ये ऐकायला कुणी नसतं. अभ्यासिकेत चाळीस जण बसलेले असतात.

इथे आपल्या मूळ प्रश्नाला पहिला धागा सापडतो. स्वस्त पेटीत उत्पादकाने आणि आपण कुठे कुठे पैसे वाचवले याची यादी केली, तर तिचे तीन ढीग पडतात.

पहिल्या ढिगात ज्यांच्यावाचून कुणाचंच अडत नाही अशा गोष्टी: पुढचा चकचकीत दरवाजा, यंत्र चालू असताना डिस्क ओढून काढायचे कप्पे, सरकत्या रेल. रेल नसल्या तर पेटी ट्रेवर ठेवावी. मात्र पुढच्या दोन कानांवर ती टांगू नये. चार डिस्क धरून पंधरा किलोच्या आसपास गेलेलं वजन ते कान फार दिवस पेलत नाहीत.

दुसऱ्या ढिगात येतो तो बांधणाऱ्याने सोसायचा त्रास. पातळ पत्रा, न घासलेल्या धारदार कडा, अर्ध्या मिलिमीटरने चुकलेली भोकं, न बसणारे स्क्रू. बोटं कापतात, संध्याकाळ वाया जाते. आपण जाणूनबुजून पैशांऐवजी आपला वेळ आणि कातडी देत असतो. हा सौदा महाग असेल, पण अनैतिक म्हणता येणार नाही. देणारा आणि घेणारा एकच आहे. घरात लहान मुलं असतील तर कडा कानशीने घासून घ्याव्यात, इतकंच.

तिसरा ढीग नैतिक प्रश्नाचा आहे. त्यातली बचत करतो एक आणि भोगतो दुसरा. गोंगाट हे त्याचं सोपं उदाहरण. उष्णता हे दुसरं. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नित्याचं आहे, आणि अभ्यासिकेत एसी नसतो. बहुतेक हार्ड डिस्कना साठ अंशांची मर्यादा असते. खोलीतली हवाच ४२ची असेल तर हातात उरतात अठरा अंश. पुढच्या जाळीत भोकांपेक्षा पत्राच जास्त असेल आणि डिस्कसमोर फॅनच नसेल, तर ते अठरा अंश दुपारी दोनपर्यंत संपतात. डिस्क लगेच मरत नाही; हळूहळू खराब होते आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात जाते. तिसरं उदाहरण धुळीचं. खळ्यातला भुसा, कापसाचे तंतू, रस्त्याचा फुफाटा, सगळं आत येतं. धुता येणारी स्पंजाची गाळणी अगदी थोड्या पैशांत मिळते. आणि मागच्या रिकाम्या खाचांवरच्या पत्र्याच्या पट्ट्या दिल्या नसतील, तर तिथून पाल आत जाते. पालीने इन्व्हर्टर जाळल्याच्या गोष्टी मराठवाड्यात सांगाव्या लागत नाहीत.

म्हणून माझी व्याख्या अशी: जिची झळ वाचवणाऱ्याला स्वतःला लागते ती काटकसर, जिची झळ न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात पडते ती कंजुषी. किती वाचवले यावरून काहीच ठरत नाही. शंभर रुपयांच्या गाळणीत कंजुषी असू शकते आणि हजारो रुपयांच्या रेल टाळण्यात निव्वळ शहाणपण.

व्याख्या टिकते का, हे गूगलच्या सुरुवातीच्या दिवसांवर तपासता येतं. १९९९च्या सुमाराला त्यांनी सर्व्हरची कॅबिनेटं घ्यायचंच टाळलं. रॅकमधल्या ट्रेवर कॉर्कचं अस्तर टाकलं आणि त्यावर उघडे मदरबोर्ड मांडले. एका ट्रेवर चार. त्यातला एक रॅक आज कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. आपल्या वर्गणीवाल्यांना हे दाखवलं तर ते म्हणतील, ‘मग आपण कशाला पेटी घ्यायची?’ उत्तर व्याख्येतच आहे. त्यांच्याकडे यंत्रांची रांग होती, आणि एखादं बंद पडलं तर काम दुसऱ्यावर जाईल अशी त्यांच्या सॉफ्टवेअरची रचना होती. बिघाडाची झळ त्यांनी स्वतःच्या यंत्रणेत जिरवली होती. शोध घेणाऱ्याला ती लागत नव्हती. झरीत यंत्र एकच. तोच उघडा बोर्ड तिथे काटकसर होता आणि इथे कंजुषी होईल.

स्वस्ताईचा आणखी एक मोह असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसला कंपन्यांनी काढून टाकलेले जुने सर्व्हर पेटीसकट मिळतात, आणि पत्रा असा की त्यावर उभं राहावं. पण असं यंत्र नव्या साध्या यंत्रापेक्षा शंभर वॉट जास्त खात असेल, तर वर्षाला ८७६ युनिट वीज जास्त जळते. विकत घेताना वर्गणी एकदाच जमते. वीजबिल दर महिन्याला येतं आणि ते भरणारे बहुधा वेगळे असतात. शिवाय त्याचा मदरबोर्ड आणि एसएमपीएस बऱ्याचदा त्या एकाच मॉडेलच्या आकाराचे असतात. एक भाग गेला की सगळंच भंगार. उलट, एटीएक्स हे मदरबोर्डचं माप इंटेलने १९९५मध्ये आणलं आणि ते अजून चालू आहे. त्या मापाच्या साध्या पेटीत आजचा बोर्ड बसतो, दहा वर्षांनी येणाराही बहुधा बसेल.

प्रमाण मापाकडे आपण तांत्रिक सोय म्हणून पाहतो. मला त्यात न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द दिसतो. लाकडी चाकाच्या बैलगाडीची धाव सैल झाली की लोहाराकडेच जावं लागे. ती त्या चाकाच्या मापाने तापवून चढवलेली असे. ते काम देखणं होतं, पण गाडी त्या लोहाराशी बांधलेली राहायची. टायरची गाडी आली आणि कोणत्याही बाजाराच्या गावात दुरुस्ती होऊ लागली. कारागिरी गेली याची हळहळ मलाही आहे. पण रस्त्यात अडलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर प्रमाण मापाने त्याला परक्या गावातही ओळखीचं केलं. अभ्यासिकेचा सर्व्हर बांधणारा पोरगा उद्या पुण्याला नोकरीला जाणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्यामागे ज्या मुलीला ते कॅबिनेट उघडावं लागेल ती आज कदाचित सातवीत असेल. तिला परभणीच्या कोणत्याही दुकानात एसएमपीएस मिळायला हवा. तिच्याशी कुणी सल्लामसलत करणार नाही. म्हणून तिचा हक्क आज, खरेदीच्या वेळीच, कुणीतरी सांभाळायला हवा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. नीतीच्या गप्पा भरल्या पोटी. वर्गणी जमली तेवढीच जमली. तेवढ्यात चांगली पेटी घेतली तर एक डिस्क कमी होते. गरिबाला झळ कुणाच्या तरी गळ्यात टाकावीच लागते, त्याला कंजूष म्हणणं हा दुसरा अन्याय.

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. पैसे नसतील तेव्हा झळ टाळता येत नाही. पण व्याख्येत ‘न विचारता’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. ज्यांना झळ लागणार त्यांना आधी सांगणं याला पैसे लागत नाहीत. ‘फॅन स्वस्त घेतलेत, आवाज येईल, रॅक बाहेरच्या खोलीत ठेवू.’ ‘दुसरी डिस्क पुढच्या वर्षी, तोवर आपापल्या नोट्सची प्रत घरी ठेवा.’ ‘मे महिन्यात दुपारी बारा ते चार सर्व्हर बंद.’ असं बसून ठरवलं की तीच स्वस्त पेटी सगळ्यांची होते. गरीब माणूस खर्चात हात आखडता घेतो. सांगण्यात हात आखडता घ्यायचं त्याला कारण नाही. अनेकदा याच्या उलट घडतं. देणगीदाराचं नाव पेटीवर रंगवलं जातं आणि आत काय नाही हे कुणालाच माहीत नसतं.

तेव्हा कॅबिनेट घेताना पाहायचं ते असं: रॅकची खोली मोजावी, पेटी ४यूची आणि एटीएक्स मापाची घ्यावी, डिस्कसमोर मोठे फॅन आणि गाळणी असावी, मागच्या खाचा बंद असाव्यात, वजन ट्रेवर पडावं. बाकी सगळ्यात खुशाल वाचवावं. एसएमपीएसमध्ये मात्र वाचवू नये; विजेच्या चढउतारात आतल्या सगळ्याचा जीव त्याच्याच हातात असतो. आणि झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर तारीख, कुठला भाग कुठल्या मापाचा, कुठे पैसे वाचवले आणि त्यामुळे काय आधी बिघडेल, हे स्वच्छ मराठीत लिहावं. शेवटचा मुद्दा लिहायला सगळ्यात जड जातो. पण सातवीतल्या त्या मुलीला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होणार आहे.